खुराड्यावरचा पहारा

१८६४ साली इंग्लंडमधल्या एका फौजदारी खटल्यात प्रश्न उभा राहिला: फेझंटची पिल्ले उचलली तर ती चोरी होते का? प्रश्न वेडगळ वाटतो, पण तिथल्या कायद्यात त्याला चांगलीच धार होती. फेझंट हा रानपक्षी. जिवंत आणि मोकळा असेपर्यंत तो कुणाच्याच मालकीचा नाही. त्याला पकडणे हा शिकारीच्या कायद्याखालचा गुन्हा होईल, चोरी होणार नाही. पण या पिल्लांची गोष्ट वेगळी होती. ती साध्या घरगुती कोंबडीखाली उबवलेली होती. कोंबडीने उबवलेली आणि खुराड्यात वाढलेली पिल्ले माणसाळलेली, म्हणजे कुणाच्या तरी मालकीची, असे न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितले. १८६८ मध्ये तित्तिरांच्या पिल्लांबाबत वरच्या न्यायालयानेही हेच उचलून धरले. ती पिल्ले थोडीफार उडू लागली होती, उघड्यावर फिरत होती. पण पिल्ले कोंबडीला सोडून जात नव्हती, एवढे कायद्याला पुरले.

कोंबडी अंड्यांवर बसली की रान मालमत्तेत जमा! इंग्रजी कायद्यात या पक्ष्याची अशी पत होती. आणि तरीही एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या ग्रामीण पोलिसांविषयी जे लिहिले गेले त्यात कोंबडी येते ती तळटीपेत. मुख्य मजकूर असतो दंगलींचा, गंजी पेटवण्याचा, चोरट्या शिकारीचा. आपल्याकडेही ‘कोंबडीचोर’ ही शिवी आहे, आणि ती शिवी आहे ती चोर म्हटल्यामुळे नाही, कोंबडी म्हटल्यामुळे. चोरी करायची तर निदान मोठी तरी करावी, असा तिच्यात छुपा सल्ला आहे. माझे म्हणणे उलट आहे. खेड्यात पोलीस कशासाठी आला आणि आल्यावर त्याने काय केले, हे कळायला खुराड्याएवढी चांगली जागा नाही. दंगल दहा-वीस वर्षांतून एकदा होते; कोंबडी कुठल्याही रात्री जाते.

या विषयावर तीन पूर्वपक्ष आहेत आणि तिन्ही अजून जोरात आहेत. पहिला एडविन चॅडविकचा. १८३६ मध्ये इंग्लंडच्या ग्रामीण पोलीस व्यवस्थेवर एक शाही आयोग नेमला गेला. चॅडविक, चार्ल्स रोवन आणि चार्ल्स शॉ-लेफेव्हर असे त्याचे तीन सदस्य. मार्च १८३९ मध्ये अहवाल आला आणि त्याच वर्षी कौंटी पोलीस कायदा झाला. अहवालाचे सार असे: लंडनमध्ये १८२९ पासून आणि इतर शहरांत १८३५ नंतर पगारी पोलीस आले, तशी चोरांची फौज तिथून उठून बिनपोलिसाच्या खेड्यांकडे पांगली. रस्त्यावरून भटकणारे, सराईत, परगावचे लोक गावे लुटत आहेत. बिनपगारी गावकॉन्स्टेबल म्हातारा, अडाणी किंवा भित्रा आहे. बिअरच्या दुकानांत चोरीचा माल खपतो आहे. उपाय एकच, वर्दीतली, शिस्तीची, पगारी फौज.

हा अहवाल वाचताना एक गोष्ट विसरू नये. रोवन तेव्हा लंडन पोलिसांच्या दोन आयुक्तांपैकी एक होता आणि चॅडविक १८३४ च्या गरीब-कायद्याच्या आयोगाचा सचिव. म्हणजे ज्याच्या दुकानातला माल विकायचा तोच बाजारभाव ठरवायला बसला होता, आणि ज्याच्या कायद्याने गोरगरिबांना वर्कहाउसचा धाक घातला होता त्याला गावोगाव बंदोबस्त हवाच होता. तुरुंगातल्या सराईतांचे कबुलीजबाब अहवालात ठळकपणे वापरले आहेत. सराईत चोर आपल्या भटकंतीच्या कथा रंगवून सांगणारच. ऐकणाऱ्याला त्याच हव्या आहेत हे त्याला कळत नसेल असे मानायचे कारण नाही. पुढच्या काळात इतिहासकारांनी कोर्टांची दप्तरे चाळली तेव्हा ग्रामीण चोऱ्यांतले बहुतेक आरोपी जवळपासचेच निघाले.

पण त्यासाठी दप्तरेही चाळायला नकोत. कोंबडी पाळणाऱ्या कोणत्याही घरात विचारा. कोंबडीचोराला काय काय माहीत असावे लागते? कुत्रा बांधलेला आहे की मोकळा, आणि तो कुणाला ओळखतो. खुराड्याचे दार कुठल्या बाजूला आहे आणि त्याची बिजागरी करकरते का. कोणती कोंबडी खुराड्यात न जाता गाडीच्या दांडीवर किंवा झाडावर बसते. एका कोंबडीने कलकलाट केला तर सगळ्यांची झोप उडते, तेव्हा मान मुरगळायला हात सराईत हवा. मग पोते. मग पिसे, आणि पिसे लपवणे हे कोंबडी लपवण्यापेक्षा अवघड. चाळीस मैलांवरून आलेल्या परक्याला यातले काही ठाऊक नसते. म्हणूनच अशा खटल्यांत पुरावा म्हणून पुढे येत त्या गावातल्याच गोष्टी: चिखलातला बुटाचा ठसा आणि त्यात कुठे एखादा खिळा गळालेली खिळ्यांची रांग, चुलीमागे सापडलेली पिसे, आणि मालकिणीने शपथेवर ओळखलेला तुरा किंवा बोट. शिजलेल्या कोंबडीला मात्र ओळख नसते. शोध घ्यायचा तो रस्सा उकळण्याआधी, आणि तेवढ्या वेळात पोहोचू शकतो तो गावातलाच माणूस.

चॅडविकच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. गावोगाव हिंडून कोंबड्या, बदके, अंडी गोळा करणारे आणि ती शहरात नेऊन विकणारे दलाल होते. त्यांना तिकडे ‘हिग्लर’ म्हणत. लंडनच्या लेडनहॉल बाजारात आसपासच्या कौंट्यांतला माल जाई. एकदा टोपलीत पडली की आपली कोंबडी आणि शेजारणीची कोंबडी यांत फरक उरत नाही. असा दलाल चोरीचा माल पचवू शकत होता, आणि काहींनी पचवलाही असणार. पुढे रेल्वे आली, आणि पहाटेची कोंबडी दुपारपर्यंत राजधानीत पोहोचू लागली. त्यात १८४० च्या दशकात इंग्लंडला कोंबड्यांचे वेड लागले. १८४५ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचे प्रदर्शन भरले, राणी व्हिक्टोरियाने विंडसरला खुराडी बांधली, चीनमधून आलेल्या धिप्पाड कोचीन जातीला हौशी लोक अव्वाच्या सव्वा किंमत मोजू लागले. अशा कोंबडीसाठी परगावचा चोर येईलही. पण तो अपवाद. अपवादावर कायदा बेतला की नेमाची माणसे त्यात अडकतात.

आणि समजा चॅडविकचे निदान खरे धरले, तरी औषध लागू पडणार होते का? १८३९ च्या कायद्याने कौंटी पोलिसांची कमाल मर्यादा घालून दिली होती: हजार लोकांमागे एक शिपाई. हजार लोक म्हणजे कित्येक ठिकाणी तीन-चार गावे, मधली शेते, ओढे, कुंपणे आणि आडवाटा. हा शिपाई पायी. रात्री ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फाट्यावर त्याने दुसऱ्या शिपायाला किंवा वरिष्ठाला भेटायचे असा दंडक असे, म्हणजे तो आळशीपणे झोपलेला नाही हे कळावे. वरिष्ठांना ते कळे. पण रात्री अमुक वाजता शिपाई अमुक फाट्यावर असतो हे गावातल्या पोरासोरांनाही कळायला किती दिवस लागत असतील? फाट्यावर शिपाई आहे म्हणजे खुराड्यापाशी नाही, एवढे गणित कुणालाही जमते. तरीही पोलीस आल्यावर काही ठिकाणी किरकोळ चोऱ्यांना आळा बसल्याची भावना पसरली. ती का, त्याकडे मी येतो. गस्त हे त्याचे कारण नव्हे, एवढे इथे नोंदवून ठेवतो.

दुसरा पूर्वपक्ष याच्या बरोबर उलट. तो तेव्हाच्या करदात्यांचा आणि जुन्या वळणाच्या जमीनदारांचा होता, आणि आज तो ‘पूर्वीचे गाव’ या हळव्या रूपात पुस्तकांतून भेटतो. गाव आपले आपण सांभाळत होते; गावकॉन्स्टेबल सगळ्यांना ओळखत होता; मग हा खर्च कशाला, ही फ्रेंच थाटाची हेरगिरी कशाला? १८३९ चा कायदा ऐच्छिक होता. विल्टशायरने तो लगेच स्वीकारला, कित्येक कौंट्यांनी टाळला, आणि १८५६ च्या कायद्याने सक्ती केली तेव्हाच सगळीकडे पोलीस आले. त्या वेळीही सरकारला साखर लावावी लागली: निरीक्षकाने फौज कार्यक्षम ठरवली तर पगार आणि कपड्यांचा चौथा हिस्सा सरकारी तिजोरीतून.

गाव आपले आपण कसे सांभाळत होते ते पाहू. ब्रिस्टलजवळ एका माणसाची भिंतीआडची बाग होती, तिच्यात महागडी ट्युलिपची फुले. वीस पौंडांहून अधिक किमतीची फुले आणि कंद चोरीला गेले, तेव्हा त्याने बागेत तारा ताणून स्प्रिंग-बंदूक लावली. तारेला पाय लागला की बंदूक आपोआप सुटते. पाटी लावली नाही; पाटी लावली तर चोर सापडणार कसा! मार्च १८२५ मध्ये शेजारची एक लांडोर उडून भिंतीपलीकडे गेली. मोलकरणीची अडचण पाहून एक १९ वर्षांचा तरुण तिला आणायला भिंतीवर चढला. त्याने दोन-तीनदा हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही, तो आत उतरला आणि गुडघ्यात छर्रे घेऊन पडला. दिवसाउजेडी. तरुणाचे आडनाव बर्ड, म्हणजे पक्षी. असल्या योगायोगाला नियती म्हणावे की खवचटपणा, मला ठरवता येत नाही. १८२८ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. दरम्यान १८२७ मध्ये अशा बंदुका आणि माणूस पकडायचे सापळे लावणे गुन्हा ठरले होते. रात्री राहत्या घरात तेवढी सूट ठेवली होती. पोलीस नसलेल्या गावाचा स्वावलंबी बंदोबस्त म्हणतात तो हा. त्याला चोर आणि लांडोर शोधणारा पोरगा यांतला फरक कळत नव्हता.

याहून मोठी अडचण खटल्याची होती. इंग्लंडमध्ये १८७९ च्या कायद्यापर्यंत सरकारी अभियोक्ता असे पदच नव्हते, आणि नंतरही त्याच्याकडे निवडक प्रकरणेच जात. चोरी झाली तर खटला चालवायचा कुणी? ज्याची कोंबडी गेली त्याने. फिर्याद लिहवायची, साक्षीदार गोळा करायचे, त्यांना कौंटीच्या गावी न्यायचे, सुनावणीची वाट पाहत तिथे राहायचे, कारकुनाची फी भरायची. १८२६ च्या कायद्याने गंभीर गुन्ह्यांत कोर्टाला खर्च परत देण्याची मुभा दिली होती, पण आधी हातातले पैसे घालावे लागत आणि हंगामातले दिवस मोडत ते वेगळेच. जेम्स केअर्डने १८५०-५१ मध्ये इंग्लंडच्या शेतीची पाहणी केली तेव्हा दक्षिणेकडच्या शेतमजुराची सरासरी मजुरी आठवड्याला ८ शिलिंग ५ पेन्स भरली. त्या मजुराच्या विधवेने दोन कोंबड्यांसाठी आठवडाभर कोर्टात बसावे?

ऐपतदारांनी यावर तोड काढली होती, गुन्हेगारांवर खटले चालवणाऱ्या वर्गणीच्या मंडळांची. अशी शेकडो मंडळे होती. सभासदाच्या घरी चोरी झाली की मंडळ इनामाचे पत्रक छापून लावी, शोध घेई, खटल्याचा खर्च उचली. त्यातली काही मंडळे आजही टिकून आहेत; आता ती वर्षातून एकदा जमून जेवतात, एवढेच, आणि जेवणात कोंबडी असते की नाही हे मला विचारू नका. पण हा पहारा वर्गणी भरणाऱ्याच्या खुराड्यावर होता. वर्गणी न भरणारीच्या खुराड्याला तो नव्हता. ‘गाव आपले आपण सांभाळत होते’ या वाक्यात ‘गाव’ हा शब्द फार मोजक्या घरांसाठी वापरलेला असतो.

तिसरा पूर्वपक्ष माझ्या अधिक जवळचा आहे, म्हणून त्याच्याशी भांडताना अधिक जपून बोलतो. १९७० च्या दशकात ई. पी. थॉम्पसन, डग्लस हे आणि त्यांच्या सोबत्यांनी इंग्रजी फौजदारी कायद्याचा इतिहास उलटा वाचायला शिकवले. ज्याला कायदा चोरी म्हणतो ते पुष्कळदा गरिबांच्या लेखी हक्काचे होते: सरपण, कापणीनंतरचे धान्य वेचणे, रानातला ससा. सामाईक कुरणे कुंपणात गेली आणि हक्काचे नाव रातोरात गुन्हा झाले. हे सगळे मला पटते. खटकते ते पुढचे पाऊल, जे त्यांच्या वाचकांनी टाकले: खेड्यातली प्रत्येक चोरी म्हणजे प्रतिकार. म्हणजे ससा मारणारा आणि खुराडे फोडणारा एकाच लढ्याचे शिपाई.

असे नव्हते. रानातला ससा देवाने सगळ्यांसाठी केला असे मजूर म्हणत आणि मानतही. कोंबडीबद्दल कुणी तसे म्हणत नव्हते. कोंबडीला मालक नव्हे, बहुतेक मालकीण होती. शेतकऱ्याच्या घरात अंडी-कोंबड्यांचा पैसा बायकोचा, धान्य-गुरांचा नवऱ्याचा, अशी वाटणी इंग्लंडमध्ये सर्रास होती. आपल्याकडच्या बायकांना हे समजावून सांगायला नको. तिन्हीसांजेला कोंबड्या डालताना मोजणारी बाई काय मोजत असते ते त्यांना ठाऊक आहे. मीठ, धागा, पोराचे बूट, हे त्या पैशातून येई. म्हणजे खुराडे फोडणारा ज्याच्याशी वैर करायला निघाला होता तो जमीनदार बहुतेकदा तिथे नसेच. आणि खोपटातल्या बाईची एकुलती एक कोंबडी चोरणाऱ्याला प्रतिकारक म्हणायचे तर प्रतिकार या शब्दाची किंमत अंड्याइतकी उरते.

कायद्याचे पुस्तक उघडले तर या मंडळींची आणखी पंचाईत होते. जमीनदारांच्या संसदेने फेझंटला जपले आणि गरिबाच्या कोंबडीकडे दुर्लक्ष केले, असे सरसकट म्हटले जाते. कागदावर चित्र उलटे आहे. १८२८ च्या कायद्यात रात्री शिकार चोरणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला ३ महिने, दुसऱ्याला ६ महिने आणि तिसऱ्या खेपेला ७ वर्षांची हद्दपारी होती. १८२७ च्या कायद्याने मात्र साध्या चोरीसाठी, अगदी पहिल्याच वेळी, ७ वर्षे समुद्रापार धाडण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला होता. कोंबडी उचलणे ही साधी चोरीच. म्हणजे कागदावर कोंबडीचोर हा फेझंटचोरापेक्षा मोठा गुन्हेगार. आणि कोंबड्यांपायी ऑस्ट्रेलियाच्या बोटीवर चढलेली माणसे होतीही. दोन पक्ष्यांपायी अर्धी पृथ्वी ओलांडणे, ही शिक्षा क्रूर होती यात मला शंका नाही. पण ती जमीनदाराच्या शिकारीसाठी दिलेली नव्हती.

एक सवलत या पक्षाला देणे भाग आहे. अनेक शेतकरी आपल्या मजुरांना कोंबड्या किंवा डुक्कर पाळू देत नसत. कारण? ती पाळली की त्यांच्या दाण्यासाठी मजूर आमच्या कोठारात हात घालील! विल्यम कॉबेटने १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला खोपटातल्या माणसांसाठी घरगुती अर्थकारणावर पुस्तक लिहिले आणि त्यांना डुकरे, कोंबड्या पाळायला सांगितले, ते या पार्श्वभूमीवर. आधी पाळू द्यायची नाही आणि मग चोरली म्हणून आरोळी ठोकायची, यातला दुटप्पीपणा उघड आहे. अशा मालकाच्या अंगणातून रात्री कोंबडी नाहीशी झाली तर तिला मी चोरीच म्हणेन, पण म्हणताना आवाज फार चढवणार नाही.

आता माझी बाजू. गावात खरा बदल घडवला तो दोन गोष्टींनी, आणि दोन्हींचा गस्तीशी संबंध नाही. १८४७ च्या कायद्याने १४ वर्षांखालच्या पोरांच्या किरकोळ चोऱ्या जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढे, ज्युरीशिवाय निकालात काढण्याची सोय केली. १८५५ मध्ये तीच सोय ५ शिलिंगांपर्यंतच्या चोरीसाठी मोठ्यांनाही मिळाली. आरोपीने संमती द्यायची आणि जास्तीत जास्त शिक्षा ३ महिने. १८७९ मध्ये मर्यादा ४० शिलिंगांवर गेली. ५ शिलिंगांत कोंबड्यांची चोरी बहुधा बसून जाई. म्हणजे कौंटीच्या गावी खेटे घालायची गरज संपली. आठवड्या-पंधरवड्याला जवळच्या गावात बसणाऱ्या मॅजिस्ट्रेटांपुढे सकाळी प्रकरण आले की दुपारी निकाल. याच काळात दुसरी गोष्ट घडली, तिला कायद्याचे नाव नाही. खटला उभा करण्याचे काम हळूहळू पोलिसाने आपल्याकडे घेतले. फिर्याद तो लिही, साक्षीदार तो आणी, कोर्टात बाजूही तोच मांडी. बाईने फक्त सांगायचे, ही माझी कोंबडी.

‘फक्त’ या शब्दात सगळे आले. त्याआधी ती म्हणाली असती आणि घरी गेली असती. आता तिच्या म्हणण्यापुढे एक वर्दी उभी राहत होती, पगारी, आणि त्या पगाराचा काही भाग सरकारी तिजोरीतून येत होता. चोऱ्या कमी झाल्या असे जे वाटू लागले त्याचे श्रेय अंधारात चालणाऱ्या शिपायाला नाही. सकाळी मॅजिस्ट्रेटपुढे टेबलापाशी उभ्या राहणाऱ्या शिपायाला आहे. पोलिसाचे समर्थन करायचे तर या पायावर करावे. चॅडविकने मागितला होता पहारेकरी. गावाला मिळाला वकील, तोही फुकट. माझ्या मते तो मिळायलाच हवा होता.

आणि या सोयीची किंमत कोणी भरली तेही लपवायचे नाही. स्वस्त खटला म्हणजे स्वस्त शिक्षाही. ज्युरी गेली. आरोपीला स्वतःच्या बचावासाठी शपथेवर साक्ष द्यायचा हक्क १८९८ पर्यंत मिळाला नव्हता. वकील परवडत नव्हता. संमती तर कागदावरची. तीन महिन्यांत सुटायचे की वरच्या कोर्टात अधिकाची जोखीम घ्यायची, असे विचारल्यावर उपाशी माणूस काय म्हणणार? खुर्चीत बसलेला मॅजिस्ट्रेट गावचा जमीनदार किंवा पाद्री, शिपाई त्याच्या ओळखीचा, आरोपी त्याच्याच शेतावरचा. विधवेची कोंबडी सांभाळायची तर दुसऱ्या कुणाच्या तरी पोराला चाबूक पडणार, हे मी मान्य करून चालतो. माझा आक्षेप न्याय जवळ आला याला नाही. आपली बाजू मांडायची सोय त्याच्यासोबत आली नाही, याला आहे.

मग १८६२ उजाडले. आधीची एक गोष्ट सांगतो, म्हणजे गंमत कळेल. नव्या कौंटी पोलिसांच्या नियमांत लिहिले होते की शिपाई हा गेमकीपर, म्हणजे जमीनदाराच्या शिकारीचा राखणदार, असता कामा नये. नियम शहाणपणाचा होता: सगळ्या गावाचा नोकर एका माणसाच्या फेझंटांचा नोकर असू नये. १८६२ च्या चोरट्या शिकारीच्या प्रतिबंधाच्या कायद्याने याच शिपायाला सार्वजनिक रस्त्यावर कुणालाही थांबवून, शिकारीसाठी कुणाच्या जमिनीत घुसून आल्याचा संशय असेल तर, झडती घेण्याचा अधिकार दिला. ससे, फेझंट, तित्तिर, त्यांची अंडी, सगळ्यांचा उल्लेख कायद्यात आहे. कोंबडीचा नाही. ज्याला नोकरीत शिरताना गेमकीपर असायला मनाई होती त्याला नोकरीत आल्यावर अर्धा गेमकीपर केला. वॉरिकशायरचा जोसेफ आर्च, ज्याने १८७२ मध्ये शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभी केली, या झडत्यांवर अखेरपर्यंत चिडून होता. दिवसभर राबून घरी जाणाऱ्या माणसाचे खिसे रस्त्यात उलटे करणे, हा अपमान तो विसरला नाही.

कागदावर कोंबडीची चोरी मोठी, रस्त्यावर फेझंट मोठा. पोलिसाची नीयत शोधायची तर कलमे वाचून भागत नाही. रात्री तो कुठे उभा होता आणि कुणाचे खिसे तपासत होता, ते पाहावे लागते. या बाबतीत थॉम्पसनच्या वाचकांचा राग योग्य होता, फक्त त्यांनी तो चुकीच्या पक्ष्यावर काढला. कोंबडीचोराला त्यांनी नायक करायला नको होते. कोंबडीवाली वाऱ्यावर सोडली गेली, हे म्हणायला हवे होते.

याच साम्राज्याने आपल्याकडे काय केले तेही जाता जाता पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये बिनपगारी गावकॉन्स्टेबलाची नेमणूक १८७२ च्या कायद्याने जवळपास बंद झाली. मुंबई इलाख्यात मात्र १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटील कायदेशीर झाला, आणि तो अजून आहे. तिकडे चॅडविकने ज्याला टाकाऊ ठरवले, तसाच गावातला, गावाला ओळखणारा माणूस इकडे उपयोगी ठरला. यात दूरदृष्टी होती असे मी म्हणत नाही. स्वस्तात भागत होते, एवढेच असेल.

इंग्लंडच्या त्या गावांत दर वसंतात एक जुना रिवाज पाळला जाई. गेमकीपर खोपटांच्या दारांतून, शेतघरांच्या अंगणांतून फिरे आणि खुडूक कोंबड्या मागे, काही विकत, काही उसन्या. फेझंट आपल्या अंड्यांवर नीट बसत नाही, कोंबडी बसते. विधवेची कोंबडी मग जमीनदाराच्या मोकळ्या शेतात ओळीने मांडलेल्या पेट्यांपैकी एकीत जाई. शेताच्या कडेला राखणदाराची झोपडी, दारात कुत्रा, भिंतीला बंदूक. कोल्हा येऊ नये, मुंगसासारखे प्राणी येऊ नयेत, माणूस तर मुळीच येऊ नये म्हणून रात्र-रात्र जागता पहारा. रस्त्यावरचा शिपाईही १८६२ नंतर त्याच शेताकडून येणाऱ्यांवर डोळा ठेवून. त्या पक्ष्याच्या आयुष्यात एवढा बंदोबस्त त्याला कधी लाभला नव्हता. पिल्ले मोठी होत, रानाला लागत. उसनी कोंबडी मग पोत्यात घालून बाईच्या अंगणात परत आणून सोडत, आणि ती संध्याकाळी आपल्या जुन्या खुराड्यात शिरे, ज्याच्या दाराला सुतळीची गाठ होती.